तक्रारीचा रकाना

मशीनला कुठलाही हुकूम देण्याआधी सुभेदार मशीनलाच विचारायचे, "कोई शक?" मग श्वासभर थांबायचे. मशीनकडून काही शंका आली नाही, की एंटर दाबायचे.

हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पुण्याची नोकरी सोडून मी तासगावला घरी परतले होते आणि रोज एसटीनं माधवनगरला येऊन अण्णांच्या सॉफ्टवेअर कंपनीत बसत होते. कंपनी म्हणजे बंद पडलेल्या मिलचं सुताचं गोदाम. मध्ये प्लायवूडची भिंत घालून अण्णांनी स्वतःला केबिन करून घेतली होती. भिंतीच्या अलीकडे आम्ही सहा जण, आणि मागच्या कोपऱ्यात काचेचा दरवाजा लावलेली सर्व्हरची खोली. एसी फक्त त्या खोलीत होता, आणि त्या खोलीत हक्कानं बसणारा माणूस एकच, आमचे सुभेदार.

त्यांचं नाव लिहीत नाही. अण्णांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना सुभेदारच म्हणत, आणि पगारपत्रकातलं नाव वाचून तर मलाच एकदा हा कोण असा प्रश्न पडला होता. फौजेच्या सिग्नल खात्यात अठ्ठावीस वर्षं काढून, वायरलेसपासून सर्व्हरपर्यंत सगळं हाताखालून घालून ते रिटायर झाले होते. मिशी नव्हती. फौजी म्हटला की लोकांना मिशी लागते, त्यामुळे नवा माणूस त्यांना बघून जरा नाराज व्हायचा. बूट मात्र असे पॉलिश केलेले, की सर्व्हरच्या खोलीबाहेर ते काढून ठेवले की आम्ही वाकून केस नीट करून घ्यायचो.

गाव सातारा जिल्ह्यातलं. सोमवारी पहाटेच्या गाडीनं यायचे, शनिवारी दुपारी परत, मधले दिवस माधवनगरात भाड्याची एक खोली. गावी भाऊ ऊस बघायचे, पुतणे भावांना बघायचे, आणि सुभेदारांना करण्यासारखं तिथं काहीच उरलेलं नव्हतं. गावात रिटायर फौजी भरपूर. ते सकाळ-संध्याकाळ पारावर येऊन बसत, एक जण पेपर मोठ्यानं वाची, बाकीचे ऐकत, आणि जेवणाची वेळ झाली की उठून घरी जात. त्यांच्याविषयी सुभेदार फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "तितं बसल्याली माणसं लय चांगली हायती, पर सगळी स्टँडबाय. मला तेवढं त्या पारावर बसवू नगा." स्टँडबाय हा त्यांच्या तोंडून निघणारा सर्वांत वाईट शब्द. शिवी त्यांनी कधी दिली नाही, पण एखाद्याला स्टँडबाय म्हटलं की तो माणूस त्यांच्या हिशेबी संपला.

आता कंपनीचं काम. अण्णा मूळचे बेदाण्याचे व्यापारी. तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याचे सौदे होत, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही चालवायचो. कुठल्या शेतकऱ्याचा कुठला माल, काय भाव पुकारला, कुणी घेतला, हे सगळं तिथल्या पडद्यावर दिसायचं. हे आधी एकाच जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं. तो अण्णांच्या टेबलाखाली होता आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकलेला असे. चांगला चालत होता. मग अण्णा पुण्याला कसल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना 'क्लस्टर' हा शब्द घेऊन आले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं, म्हणजे कंटेनर. असे डबे दोन-चार मशीनवर वाटून ठेवायचे, म्हणजे क्लस्टर. आणि कुठला डबा कुठं ठेवायचा, एखादं मशीन आडवं झालं तर त्याच्यावरचे डबे कुणाच्या डोक्यावर द्यायचे, हे ठरवायला आणखी एक वेगळं मशीन, ते म्हणजे मॅनेजर. मॅनेजर स्वतः डबे उचलत नाही, नुसता बघतो आणि हुकूम सोडतो. एका बेदाण्याच्या सौद्याला एवढा सरंजाम लागतो का, असं मी अण्णांना विचारलं होतं.

"लागत न्हाई ओ," अण्णा म्हणाले, "पण पुण्यात सगळ्यांच्याकडं हाय की."

तीन मशीन यायच्या आधी आमच्या दारावर 'आमचे येथे क्लस्टर आहे' अशी पाटी आली. ती वाचून एक बाई आत येऊन भाव विचारून गेल्या.

मॅनेजर बसवायचं काम सुभेदारांचं, आणि मदतनीस म्हणून मी. बसवण्याच्या सूचना इंटरनेटवर असतात. तिथली ओळ उचलायची, आपल्याकडे चिकटवायची, एंटर मारायचं, पुढची ओळ. जमलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो. आम्हाला कामाचे नऊ दिवस लागले. उचलून चिकटवणं सुभेदारांना मान्यच नव्हतं. मी सूचना मोठ्यानं वाचायची, त्यांनी वायरलेसवर म्हणतात तशी ती शब्दन्‌शब्द परत म्हणायची, मग लांब लाल रजिस्टरात लिहायची. मग मी रजिस्टरातून वाचायची आणि ते एका बोटानं टाइप करायचे. मग कोई शक. मग एंटर. पुण्यातल्या मैत्रिणींना मी हे फोनवर सांगितलं, तर त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

बरं, रात्री बसून काम उरकावं तर तीही सोय नव्हती. अण्णा जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारे, त्यामुळे साडेपाचला गोदामाला कुलूप लागायचं. सुभेदारांना हे फार पसंत होतं. अंधारात काम शत्रूच्या समोर करायचं असतं, आपल्याच मशीनला घाबरून कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पहिले दोन दिवस घड्याळात गेले. तिन्ही मशीनची वेळ एक नसेल तर त्यांचा एकमेकांवर विश्वास बसत नाही, हे खरंच आहे. पण सुभेदारांनी त्यात भिंतीवरचं घड्याळ घातलं, आपलं मनगटी घातलं आणि मग केबिनमध्ये जाऊन अण्णांचं मागितलं. अण्णांचं सात मिनिटं पुढं होतं. ते मी मुद्दाम पुढं ठेवतो, अण्णा म्हणाले. सुभेदारांनी ते रजिस्टरात लिहून घेतलं: 'मालक सात मिनिटे पुढे. दुरुस्तीस नकार.'

मॅनेजर उभा राहिला की तो एक लांबलचक सांकेतिक शब्द देतो. तो दाखवला की दुसरं मशीन त्याच्या हाताखाली भरती होतं. पन्नासेक अक्षरं असतील. तीही उचलून चिकटवायची नाहीत. मी एकेक अक्षर अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं म्हणत होते आणि सुभेदार बोटानं शोधत होते. तीनदा भरती फसली. प्लायवूडच्या पलीकडून अण्णांनी विचारलं की इंग्रजीचा क्लास सुटला का. चौथ्यांदा भरती झाली, आणि सुभेदारांनी त्या मशीनला, शपथेवर सांगते, शाबास म्हटलं.

सगळं चालू झालं. मी पर्स उचलली. तेवढ्यात त्यांनी तिन्ही मशीन पुसून कोरी केली.

दुसऱ्यांदा त्यांनी एकट्यानं, फक्त रजिस्टर बघून बसवलं. बसलं. पुन्हा पुसलं. मग रजिस्टर माझ्या हातात दिलं, स्वतः बाहेर जाऊन बूट घातले आणि काचेच्या दरवाजाला पाठ करून उभे राहिले. मी दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत. चिडून, बडबडत, पण मी ते एकटीनं बसवलं. तेव्हा ते आत आले, पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "आता बसलं. मला एकट्याला येत हुतं तवर त्ये बसल्यालं न्हवतं."

मग रजेचा प्रकार सुरू झाला. दर गुरुवारी राबणाऱ्या दोन मशीनपैकी एकाला सुट्टी, एक गेलं तर दुसऱ्याला सगळं पेलतंय का ते बघायला. आधी नवं काम द्यायचं बंद करायचं. मग अंगावरचं काम एकेक करून शेजारच्या मशीनवर हलवायचं. पूर्ण रिकामं झालं की बंद. पुढच्या गुरुवारी दुसऱ्याची पाळी. यासाठी रजिस्टरात स्वतंत्र पानं आखलेली होती. मशीन, रजेचं कारण, नवं काम कधीपासून बंद, काम कुणाकडे दिलं, आणि शेवटचा रकाना तक्रार. पहिल्या पानावर नियम होते, त्यातला शेवटचा असा: 'मंजूर रजा फक्त लेखी तक्रार आल्यास रद्द होईल.' संध्याकाळी सव्वापाचला सुभेदार तासगावच्या कोल्ड स्टोरेजला फोन लावून विचारायचे, काय तक्रार? पलीकडचा कारकून सुरुवातीला घाबरून जायचा. पुढं पुढं तो हॅलोच्या ऐवजी "न्हाई ओ" म्हणूनच फोन उचलायला लागला. सुभेदार त्या रकान्यात 'नाही' लिहायचे आणि सही करायचे.

महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी तर मॅनेजरलाही सुट्टी. पहिल्यांदा ते झालं तेव्हा अण्णा मुद्दाम बघायला आले. मॅनेजर बंद, आणि सौदा नेहमीसारखा चाललेला.

"मॅनेजर न्हाई तरी चालतंय?" अण्णांनी विचारलं.

"चालतंय की. हाय त्ये काम चालू ऱ्हातंय. नवा हुकूम तेवढा निघत न्हाई."

अण्णा केबिनमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात ते लेकीकडे कोल्हापूरला जाणार होते, ते त्यांनी रद्द केलं.

याच गुरुवारांनी पुढं घात केला. कोल्ड स्टोरेजचे संचालक एकदा आमचं क्लस्टर बघायला येणार होते. अण्णांनी काच पुसून घेतली, तिन्ही मशीनचे दिवे लुकलुकताना दिसावेत म्हणून पडदा काढला. पाहुणे आले गुरुवारी. तीनपैकी एक मशीन काळंठिक्कर. अण्णांनी सुभेदारांना बाजूला घेऊन हळूच विनवलं, अर्धा तास चालू करा, पाहुणे गेले की परत झोपवा. सुभेदार म्हणाले की रजा मंजूर झालीय, रद्द करायला तक्रार लागते, आणि पाहुणे येणं ही तक्रार होत नाही. अण्णांनी तक्रार मीच करतो म्हटलं. सुभेदारांनी लगेच पेन पुढं केलं. काय तक्रार लिहावी ते अण्णांना सुचेना, आणि पेन तसंच परत आलं.

संचालकांत एक म्हातारे बागायतदार होते. त्यांनी अंधाऱ्या मशीनकडे बोट दाखवून विचारलं, ह्याला काय झालं. सुट्टी हाय, सुभेदार म्हणाले. मग काम? शेजारच्यावर हाय, बगा की. म्हाताऱ्यांनी शेजारच्या मशीनकडे नीट बघितलं, चहाचा घोट घेतला आणि अण्णांना विचारलं, "मग ह्ये दुसरं कशाला घेतलंय ओ?"

अण्णांचा चहा तसाच राहिला. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यायचं होतं, पण ते देण्यासाठी एखादं मशीन जळायला हवं होतं, आणि पाहुण्यांसमोर ते कसं जाळणार.

ते जळलंही, पण पुढं दोन महिन्यांनी, भर हंगामात. तासगावात सौदा रंगात होता. दुपारी बाराच्या सुमाराला सर्व्हरच्या खोलीत करपट वास आला. एका मशीनमधून धूर निघाला आणि ते गेलं. त्याच्यावरचे डबे मॅनेजरनं क्षणात दुसऱ्याच्या अंगावर टाकले. मी घाबरून उभी राहिले होते. सुभेदार पडद्याकडे बघत बसून होते. तिकडे सौदा चालूच होता, भाव पुकारले जात होते, पडद्यावरचा आकडा एकदाही अडखळला नाही. सुभेदारांनी प्लग काढला, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: 'रजेचे कारण: आजारी.' सव्वापाचला फोन केला. पलीकडून न्हाई ओ.

त्यांनी खिशातून मूठभर बेदाणे काढून अर्धे मला दिले. "पोरी, आजचा दिवस लय चांगला गेला," ते म्हणाले. "काय बी झालं न्हाई."

चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, कारण हुद्द्यानं मी इंजिनियर होते. पोरी फक्त त्या खोलीत, आणि तेही कधीतरी. मला त्या दिवशी खरंच अभिमान वाटला. मी धावत अण्णांना सांगायला गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे काय झालं न्हाईच?"

"नाही."

"मग सांगायला काय आलाय?"

इथंच सुभेदारांचं नशीब फिरलं, हे मला नंतर कळलं. जे मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडतं त्याच्या दुरुस्तीवाल्याला मालक चहा पाजतो. आमच्याकडे दोन वर्षांत सौदा एकदाही बंद पडला नव्हता. पुढच्या महिन्यात अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अण्णा वाईट माणूस नव्हते. मांजर टेबलावर बसलं तर ते स्वतः खुर्ची बदलायचे. पण त्या म्हाताऱ्या बागायतदाराचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

"मला सांगा, तो माणूस दिवसभर करतोय काय?" ते म्हणाले. "मशीनला रजा देतोय. एवढंच की न्हाई? तुमाला सगळं येतंय. राहिलेलं शिकून घ्या. मग बघू. त्यांना मात्र कळू देऊ नका, वाईट वाटंल."

शेवटचं वाक्य अण्णा जरा मोठ्यानं बोलले. गुपित सांगताना त्यांचा आवाज नेहमीच चढायचा, आणि भिंत प्लायवूडची होती.

मी हो म्हणाले. कारणं सांगते. 'सर्व्हर विभाग प्रमुख' असा हुद्दा मिळणार होता. एप्रिल महिना होता, आणि एसी त्या एकाच खोलीत होता. त्या पारावरची माणसं, तो स्टँडबाय शब्द, सगळं मला ठाऊक होतं. तरी हो म्हणाले, आणि लाज त्या दिवशी वाटली नाही, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्याच दिवसापासून सुभेदार फार उदार झाले. मी चोरून शिकायच्या तयारीत होते, तर तेच बोलावून शिकवायला लागले. मॅनेजरच्या नोंदींची रोजची प्रत ते एका पेनड्राइव्हवर घेऊन लोखंडी ट्रंकेत ठेवत. त्या ट्रंकेची किल्ली त्यांनी मला दिली. उद्या मॅनेजर कायमचा गेला तर त्या प्रतीवरून नवा कसा उभा करायचा, हे माझ्याकडून दोनदा करून घेतलं. तासगावच्या कारकुनाला पडद्यावर एक नवी पाटी हवी होती. मॅडमला सांगा, म्हणाले. जळालेल्या मशीनच्या जागी अण्णांनी नवं आणलं, ते जोडायचं होतं. मॅडम बगतील. सव्वापाचचा फोनही मी करायला लागले. मला वाटायचं, मी किती हुशारीनं सगळं काढून घेतेय. असा गाढवपणा करायला चांगलं शिक्षण लागतं.

एका शनिवारी दुपारी ते पिशवी घेऊन निघाले. दारात थांबून म्हणाले, "पोरी, माज्याबिगर तुजं कुठं अडतंय का? अडत आसंल तर आत्ता सांग."

"नाही काका," मी म्हणाले. "काहीच अडत नाही."

"शाबास," ते म्हणाले आणि बूट घालून गाडीला गेले.

सोमवारी ते आले नाहीत. गाडी चुकली असेल, असं मला वाटलं. मी खोलीत एकटी बसले, एसी दोन अंशांनी कमी केला, बरं वाटलं. मंगळवारी तासगावात सौदा झाला, सुरळीत. बुधवारी चहावाल्यानं विचारलं की बिनसाखरेचा एक कप तीन दिवस परत जातोय, करू की नको. तोवर आमच्यापैकी एकानंही सुभेदार कुठं आहेत असं विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

गुरुवारी मशीनला रजा द्यायची म्हणून मी रजिस्टर उघडलं. सगळ्यात खालच्या ओळीत नवी नोंद होती, शनिवारच्या तारखेची. मशीनच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सुभेदार'. रजेचं कारण: 'चार्ज दिला.' काम कुणाकडे दिलं: 'मॅडम.' नवं काम कधीपासून बंद, तिथं महिन्यापूर्वीची एक तारीख होती. अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तक्रारीचा रकाना कोरा होता. तो रकाना ते नेहमी काम संपल्यावर, संध्याकाळी भरायचे.

मग म्हटलं, आधी हातातलं काम करू. त्या दिवशीच्या मशीनचं नवं काम बंद केलं. पुढचा हुकूम टाइप केला, रजिस्टर बघून, एकेक अक्षर. एंटरवर बोट ठेवलं आणि ते खाली जाईना. तिकडं सौदा चालू होता, माझ्याच गल्लीतल्या लोकांचा माल पुकारला जात होता. हा हुकूम मी वीस वेळा दिला असेन, पण वीसही वेळा मागं खुर्चीत ते होते आणि शंका आहे का म्हणून कुणीतरी विचारत होतं. मी बोट उचललं. त्या गुरुवारी मशीनला रजा मिळाली नाही.

सव्वापाचला मी फोन लावला, पण तासगावला नाही. पलीकडे कुणीतरी मोठ्यानं पेपर वाचत होतं.

"काय तक्रार?" सुभेदारांनी विचारलं.

"आहे."

"कुठल्या मशीनची?"

"तुमच्या. काका, शनिवारी मी खोटं बोलले. अडतंय. आणि अण्णांना मी हो म्हणाले होते, ते तुम्ही ऐकलं होतं."

पेपरवाल्यानं एक अख्खी बातमी वाचून संपवली. मग सुभेदार म्हणाले, "चार्ज दिल्यावर माणसानं ठाण्यात थांबायचं नसतं. बदली माणूस तयार हुता. त्यात तुजं काय चुकलं न्हाई." पुढं म्हणाले, "आन् तोंडी तक्रार धरत न्हाईत. नियम वाच."

मी रजिस्टर घेतलं आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'आहे.' वर दोन वर्षांचे 'नाही' होते. त्याखाली सविस्तर लिहिलं की गुरुवारची रजा देता आली नाही, कारण मॅडमची हिंमत झाली नाही. सही केली आणि केबिनमध्ये जाऊन ते अण्णांसमोर ठेवलं. सुभेदार गेल्याचं अण्णांना तेव्हाच कळलं.

"चार दिवस झाले? मग बंद काय पडलं?"

"काही नाही."

"बघा की," अण्णा म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी नोंद पुन्हा वाचली. "मला सांगून तरी जायचं की ओ. माझं काय असं म्हणणं न्हवतं."

तुमचं तसंच म्हणणं होतं आणि माझंही, असं मी म्हणाले. प्रमुख मला करू नका, आणि त्यांना बोलवायचं नसेल तर दारावरची पाटी काढा, कारण गुरुवारच्या रजा थांबल्या तर हंगामात एखादं मशीन धूर काढील तेव्हा सौदा चालू राहील याची मी हमी देत नाही. अण्णांनी खिडकीतून मावळतीकडे बघितलं, मग सात मिनिटं पुढं असलेल्या आपल्या घड्याळाकडे. जेवणाची वेळ होत आली होती. त्यांनी माझ्या सहीच्या खाली सही केली. मी त्या पानाचा फोटो काढून सुभेदारांना पाठवला. उत्तर आलं नाही.

सोमवारी मी जरा लवकरच्या एसटीनं आले. सर्व्हरच्या खोलीबाहेर पॉलिश केलेले बूट होते. सुभेदार आत खुर्चीत बसले होते, समोर रजिस्टर, आणि एसी दोन अंशांनी वर केलेला. माझ्याकडे न बघता त्यांनी गुरुवारी राहिलेली मशीनची रजा द्यायला सांगितली. मी हुकूम टाइप केला. त्यांनी विचारलं, कोई शक? मी नाही म्हणाले आणि एंटर दाबलं.

ते चहाला बाहेर गेल्यावर मी रजिस्टर ओढून बघितलं. माझ्या आणि अण्णांच्या सहीखाली त्यांनी त्यांच्या ठाशीव अक्षरात नोंद केली होती: 'रजा रद्द. सुभेदार कामावर हजर. तक्रार चार दिवस उशिरा केल्याबद्दल मॅडमना ताकीद.'